चाकाखालचं लिंबू

माणसांनी टाकलेल्या जुन्या मोटारी जनावरं चालवायची, त्या काळची ही गोष्ट. गव्याला अशीच एक मोटार घ्यायची होती. निवडताना मात्र त्याने कसूर केली नाही. चकचकीत रंगाला तो भुलला नाही. खाली वाकून गंज पाहिला, इंजिनाला कान लावला आणि रंग उडालेली, पण पहिल्याच चावीला सुरू होणारी मोटार घेतली.

"रोज थोडी फिरव, वेळेवर तेल बदल," मोटार म्हणाली. "मी तुला कधी दगा देणार नाही."

पण गव्याचा तिच्यावर असा काही जीव जडला, की त्याने तिला जाड कापडात गुंडाळून ठेवली आणि बाजारहाट पायीच करू लागला. का, तर ती झिजेल!

"अरे, उभ्या उभ्या गंजतेय मी! उंदरांनी गादीत संसार थाटलाय. फिरव रे बाबा मला!" मोटार रोज ओरडायची. गवा कापड आणखी घट्ट बांधायचा.

दसरा आला. गव्याने तिला धुतलं, झेंडूचा हार घातला, रिवाजाप्रमाणे चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ते चिरडून पुढे जायचं म्हणून चावी फिरवली. नुसती खरखर झाली. पुन्हा फिरवली, तर तीही नाही.

"अरे रेड्या, आता तरी कळलं का?" मोटार कशीबशी म्हणाली.

गव्याने उतरून अख्खं लिंबू नीट निरखलं.

"कळलं ना," तो म्हणाला. "लिंबू कच्चं निघालं. पुढच्या दसऱ्याला चांगलं पिकलेलं आणतो."

आणि त्याने तिच्यावर कापड ओढलं.