नंदादीपाची काजळी

"मग आता पुन्हा एकपासून मोजायचं का?"

चपला काढायच्या आधीच शाल्मलीने विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

देवीपुढे बसून यमुनाअक्का नंदादीपात तेल घालत होत्या. चाळीस वर्षं तो दिवा त्यांच्याच हाती होता. सगळं गाव त्याला अखंड दिवा म्हणे.

"काय मोजायचं?"

"दिवस. न पिता बासष्ट झाले होते. काल प्यायले."

सतरा वर्षांची पोर. दहावीला जिल्ह्यात पहिली आलेली, आणि अकरावीला वसतिगृहात पाण्याच्या बाटलीतून दारू प्यायला लागलेली. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आली तेव्हा आईनेच तिला अक्कांच्या पायांवर घातलं होतं. तेव्हापासून ती रोज यायची. मान मात्र वाकायची नाही.

"कोणाला सांगितलंस?"

"तुम्हाला."

"आणि केंद्रातल्या सुलभाताईंना?"

"नाही. त्या म्हणतात, जीव कासावीस झाला की फोन कर. अक्का, मी बोर्डाचा एकही पेपर कोणाला विचारून लिहिला नाही. हेही माझं मी करीन. नाही जमलं तर पीत राहीन. पण पुन्हा एकपासून गिरवत बसणार नाही."



अक्कांनी नंदादीपावर एक पणती पेटवली, कोनाड्यात ठेवली. मग चिमटा शाल्मलीच्या हातात दिला.

"काजळी काढ."

"भर दुपारी ही पणती कशाला? एक दिवा पुरत नाही तुमच्या देवीला?"

अक्का नुसत्या हसल्या.

शाल्मलीने वातीचं टोक धरलं आणि झटका दिला. वात तेलात बुडाली. दिवा विझला.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण जीभ काही नमली नाही.

"घ्या. चाळीस वर्षांचा दिवा, आणि माझ्या हातून... मला हात लावू द्यायलाच नको होता."

अक्कांनी दोन बोटांनी वात वर ओढली. कोनाड्यातली पणती जवळ आणली. वात तडतडली, मग धरली.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग याला अखंड कसं म्हणता? आत्ता विझला, मी पाहिलं ना. ही चक्क लबाडी आहे, अक्का."

"असेल."

"याआधी किती वेळा विझलाय?"

"मोजलं नाही गं कधी."

शाल्मली पणतीकडे बघत राहिली.

मग उठली. सभामंडपातल्या खांबाशी जाऊन तिने फोन लावला.

"सुलभाताई, शाल्मली बोलतेय. मी काल प्यायले. नाही, रडत नाहीये. एक म्हणा, शून्य म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. हरली एवढं म्हणायचं नाही. उद्या सकाळी येतेय मी तिथे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिचा आवाज पहिल्यांदाच अडखळला.

"हो... आत्तासुद्धा प्यावंसं वाटतंय."

अक्कांनी चिमटा पुसला आणि दिव्याजवळ, शाल्मली बसली होती तिथे, ठेवला.

"सावकाश बोल गं," त्या आतूनच म्हणाल्या. "झालं की ये. काजळी निम्मी राहिलीय."