गेरूची रेघ

फार जुनी गोष्ट आहे, ताडपत्रावर ग्रंथ लिहीत तेव्हाची. एका राज्यात मोठं विद्यापीठ होतं. तिथे शिष्याने शेवटी स्वतःचा ग्रंथ लिहायचा, गुरुजींनी तो तपासायचा आणि मग पंडितसभेत मांडायचा, अशी रीत होती. तपासताना गुरुजी काही ओळींखाली गेरूची रेघ ओढत. बोलत मात्र नसत. शहाण्याला शब्दांचा मार पुरतो म्हणतात. इथे शब्दही मिळत नव्हता.

एक शिष्य डोंगरातल्या खेड्यातून आला होता. त्याच्या गावात दर वर्षी तापाने माणसं दगावत. त्याची आईही तशीच गेली होती. म्हणून त्याने तापावरच ग्रंथ लिहिला. ‘खालच्या झऱ्याचं पाणी पितात, त्याच घरांत ताप येतो,’ असं त्यात होतं. वरचा झरा राजाच्या शिकारीच्या रानात होता आणि तिथे गावाला बंदी होती; रानाच्या रखवालदारांची मोजकी घरंच त्याचं पाणी पीत. सभेने ग्रंथ मानला, तर राजा तो झरा खुला करणार होता.

गुरुजींनी नेमकी त्याच ओळीखाली रेघ ओढली.

शिष्य हिरमुसला. आधीच ग्रंथ मांडून झालेला एक थोरला शिष्य म्हणाला, “रेघ आली की ओळ गेली. आम्ही असेच पार पडलो.”

“पण ते खरं आहे. गुरुजींना विचारू का?”

“विचार की. उद्धट ठरशील आणि आणखी रेघा येतील.”

शिष्य भ्याला. त्याने रेघेच्या साऱ्या ओळी गाळून ग्रंथ नव्याने उतरवला. तपासलेला ग्रंथ पुन्हा वाचायची गुरुजींची पद्धत नव्हती.

सभेत मुख्य पंडित म्हणाले, “यात चूक काहीच नाही. पण ताप येतो कशाने, ते कुठे आहे?”

शिष्याने झऱ्याचं नाव घेतलं. पण सभेत लिहिलेलं तेवढंच धरत. ग्रंथ परत आला.

बाहेर गुरुजी संतापले. “ती ओळ का काढलीस? अख्ख्या ग्रंथात तीच मोलाची होती. पुरावा दे, म्हणून रेघ ओढली होती मी.”

“मग तसं सांगायचं होतं, गुरुजी.”

“तू विचारायचं होतंस.”

दोघांचंही खरं होतं आणि आता त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

त्या वर्षी गावात पुन्हा ताप आला. गेलेल्यांत शिष्याची धाकटी बहीण होती.

तात्पर्य: चूक दाखवणारा मोघम राहिला आणि ऐकणारा विचारायला भ्याला, की त्याची किंमत तिसराच मोजतो.