सगळ्या गोठ्यांची एकच गाय

एका गावात एक हट्टी आक्का होती आणि एक शहाणी गाय होती. दोघींचं एकमेकींशी काही नातं नव्हतं. तरी गोष्ट दोघींची आहे.

आक्काचं नाव शेवंताक्का. गाव द्राक्षांचं. गावाबाहेर बेदाण्याची शेडं होती आणि गावातल्या निम्म्या बायका तिथं बेदाणा निवडायला जात. लहान पोरं कुठं ठेवणार? तीही आयांबरोबर शेडात. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. त्या धुरानं पोरांचे डोळे लाल व्हायचे, छाती वाजायची. शेवंताक्काला ते बघवेना. ती एकटी बाई. आधी एक पोर ओसरीवर सांभाळलं, मग दुसरं, मग बघता बघता ओसरी भरून गेली. तेव्हा तिनं ठरवलं की घरामागं, ओढ्याच्या बाजूला जी मोकळी जागा आहे, तिथं पोरांसाठी चांगली मोठी खोली बांधायची.

बांधायची म्हणजे परवानगी आली. परवानगी म्हटलं की तालुक्याचे मगदूमसाहेब आले. हे साहेब म्हणजे सरकारी नव्हेत बरं. परवानगीचे सल्लागार. नकाशा काढायचा, कागद जोडायचे, कचेरीत कुठल्या टेबलाला काय लागतं ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. माणूस हुशार, बोलायला गोड.

मगदूमसाहेबांनी चहा घेतला, जागा बघितली आणि म्हणाले, "आक्का, सोपं आहे. आपण गोठा दाखवू."

"गोठा? माझ्याकडं शेळीसुद्धा नाही."

"नसू दे. गोठ्याची परवानगी पंचायतीतच मिळते. पाळणाघर म्हटलं की प्रकरण तालुक्याला जातं. मग खिडक्या किती, मागचं दार कुठं, ओढा किती लांब, शंभर प्रश्न. गोठ्याला कोण काय विचारत नाही."

साहेब खोटं सांगत नव्हते. त्या गावात रंगरावची पिठाची गिरणी कागदावर गोठा होती. वेशीजवळचं मोटारसायकलचं गॅरेज गोठा होतं. फार कशाला, सरपंचांच्या भावाचं मंगल कार्यालयसुद्धा गोठाच होतं. म्हणजे कागद खरा धरला, तर गावातली सगळी लग्नं गोठ्यात लागत होती.

आता इतके गोठे म्हटल्यावर गाय नको का? तर एक होती. तातोबाची चंपी. एक शिंग वर, एक शिंग खाली. तालुक्याचं कुणी बघायला आलं की तातोबा चंपीला त्या जागी नेऊन बांधायचा. त्या जागेचा मालक तिला ओंजळभर पेंड घालायचा. साहेब गाय बघायचे आणि जायचे. गावाला यात काही वावगं वाटत नव्हतं.

शेवंताक्कानं मगदूमसाहेबांना विचारलं, "गोठ्यात कोण राहतं हो?"

"जनावरं."

"आणि माझ्या खोलीत?"

साहेब हसले. "आक्का, कागदावर काय लिहिलं म्हणून भिंत बदलत नाही."

"भिंत नाही बदलत. सही करणारी बदलते. दुसऱ्याची लेकरं मी जनावरं म्हणून लिहून देऊ होय? आणि तुम्ही म्हणता कोण काय विचारत नाही. अहो, मला विचारणाराच पाहिजे! खिडकी कमी पडली, दार चुकलं, तर माझ्याआधी कुणाच्या तरी ध्यानात यायला नको का?"

"वेळ जाईल."

"जाऊ दे."

"मग दुसरा सल्लागार बघा."

"दुसरा कशाला? तुम्ही हुशार आहात असं ऐकलंय. का फक्त गोठेच काढता येतात?"

हे मात्र मगदूमसाहेबांना झोंबलं. त्यांनी कप खाली ठेवला, पिशवीतून टेप काढली आणि उठले. ओढ्याचा काठ मोजला. पुराचं पाणी कुठवर चढतं ते विचारलं. आक्कानं बोरीचं झाड दाखवलं, त्याच्या बुंध्यापर्यंत चढतं म्हणाली. साहेबांनी मान हलवली.

"मागं बांधता येणार नाही. खोली पुढं घ्यावी लागेल, रस्त्याच्या अंगाला."

"पुढं तर माझं स्वयंपाकघर आहे."

"म्हणून तर म्हणत होतो, गोठा दाखवू."

आक्कानं स्वयंपाकघराकडं बघितलं. तिच्या लग्नानंतर बांधलेलं होतं ते. कोनाड्यात अजून सासूच्या हातची शेणाची बोटं उमटलेली होती. मग पदर खोचून म्हणाली, "पाडू. चूल अंगणात मांडते."

झालं. खरा नकाशा निघाला. प्रकरण तालुक्याला गेलं आणि परत आलं. मागचं दार अरुंद म्हणून. नीट करून पाठवलं, तर उजेड कमी म्हणून पुन्हा परत. मगदूमसाहेब प्रत्येक वेळी कुरकुरायचे, पण नकाशा पुन्हा काढायचे. गावाला मात्र चघळायला विषय मिळाला. गॅरेजवाला येता-जाता हाक मारायचा, "काय आक्का, आली का परवानगी? आमचा गोठा रंग उडून जुना झाला की!"

"तुझ्या गोठ्यातलं जनावर तेवढं बोलकं आहे बघ," आक्का अंगणातल्या चुलीवरून म्हणायची.

टोमण्यांचं तिला काही नव्हतं. पण एक दिवस सुला आली. बेदाणा निवडणारी, तान्ह्या पोराची आई. ओसरीवर जागा नव्हती म्हणून तिचं पोर अजून शेडातच होतं. ते रात्रंदिवस खोकत होतं.

"आक्का, गोठा म्हण नाहीतर राजवाडा म्हण. पण छप्पर दे गं. तुझा खरेपणा माझ्या पोराच्या छातीवर बसलाय."

शेवंताक्काची तव्यावरची भाकरी करपली. तिच्या मनात आलं, एक सही करावी, चंपीला घडीभर बांधावं, पुढच्या महिन्यात पोरं छपराखाली. कुणाचं काय बिघडणार होतं? तिनं करपलेली भाकरी बाजूला काढली आणि सुलाला जवळ बसवलं.

"सुले, गोठ्याला मागचं दार नसतं. पुढच्या दाराशी आग लागली, तर तुझं पोर मी कुठनं काढू ते सांग. सांगितलंस तर आत्ता सही करते."

सुला उठायला लागली. आक्कानं तिला पुन्हा बसवलं.

"आणि तुझं पोर आजपासून माझ्या निजायच्या खोलीत. मी ओसरीत पोरांच्या पायथ्याशी निजेन."

शेवटी निरोप आला की जागा बघायला तालुक्याचे साहेब येणार. गावाचं धाबं दणाणलं. साहेब एका खऱ्या कागदासाठी येणार, पण वाटेत डोळे थोडेच झाकून घेणार? सरपंचांचा भाऊ तातोबाला आणि चंपीला घेऊन आक्काच्या फाटकाशी आला.

"आक्का, तू पण बांधून घे घटकाभर. सगळीकडं एकसारखं दिसलं म्हणजे साहेबाला शंका येणार नाही. तुझ्या एकटीच्या खरेपणानं सगळं गाव उघडं पडेल."

शेवंताक्का फाटकात आडवी उभी राहिली. हातात झाडू होता.

"गाव उघडं पडेल ते मी खरं बोलले म्हणून नव्हे. तुम्ही पांघरूण गायीचं घेतलंत म्हणून. तिला प्यायला पाणी देते, पण दावं माझ्या दारात बांधायचं नाही."

"गावाशी वैर घेतेस?"

"गावाची पोरं सांभाळते. वैर कसलं?"

साहेब आले. चष्मेवाले, कमी बोलणारे. रस्त्यात पहिला गोठा लागला, गिरणी. दारात चंपी. साहेबांनी गाय बघितली, पिठानं पांढऱ्या झालेल्या भिंतीही बघितल्या. ते बाहेर पडेपर्यंत तातोबानं चंपीला मागच्या बोळातून गॅरेजात पोचवलं. साहेब तिथं आले. चंपी पेंड खात होती. एक शिंग वर, एक शिंग खाली. साहेबांनी चष्मा पुसला.

आता चूक झाली ती इथं. चंपीला इतक्या दिवसांत वाट पाठ झाली होती. इथली पेंड संपली की पुढच्या दारात पेंड, हे तिला पक्कं ठाऊक. तातोबा दावं सोडतो न सोडतो तोच तिनं हिसका दिला आणि बोळ सोडून सरळ हमरस्त्यानं निघाली. तातोबा मागं ओरडत. आणि साहेब? साहेब शांतपणे तिच्या मागून चालू लागले. त्यांना वाट दाखवायला दुसरं कुणी लागलंच नाही. ज्या दारात चंपी शिरली त्या दारात साहेब शिरले. मंगल कार्यालयाकडं त्यांचं लक्षही गेलं नसतं. चंपी पायऱ्या चढून थेट बोहल्यावर जाऊन उभी राहिली आणि पेंडीसाठी हंबरली.

शेवटी शेवंताक्काचं घर आलं. चंपी फाटकावरून तशीच पुढं गेली. तिथं तिला कधी कुणी बांधलं नव्हतं.

साहेब फाटकाशी थांबले. "इथं नाही शिरली?"

"तिचं काही काम नाही इथं," शेवंताक्का म्हणाली. "या. जागा बघा. चुकलं असेल तर आत्ताच सांगा."

साहेबांनी पाडलेलं स्वयंपाकघर बघितलं, अंगणातली चूल बघितली, चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेषा बघितल्या. कोपऱ्यात मगदूमसाहेब घाम पुसत उभे होते.

"मगदूम, हा नकाशा तुमचा?"

"हो साहेब."

"आणि ते गोठेही तुमचेच?"

मगदूमांनी मान खाली घातली. "तेही माझेच. ते मी काढून दिले साहेब. हा हिनं माझ्याकडून काढून घेतला."

परवानगी मिळाली आणि खोली उभी राहिली. खिडक्या मोठ्या, मागचं दार रुंद, ओढा लांब. सुलाच्या पोराचा पाळणा खिडकीजवळ. बाकीच्या गोठ्यांना नोटिसा आल्या, की खरी परवानगी काढा, नाहीतर कुलूप लावा. मग एके सकाळी गिरणीवाला, गॅरेजवाला आणि सरपंचांचा भाऊ शेवंताक्काच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. चंपी पेंडीच्या आशेनं त्यांच्या मागोमाग आलेली.

"आक्का, खरा कागद कसा काढायचा, जरा सांगशील का?"

शेवंताक्कानं फाटक सताड उघडलं. "मगदूमसाहेब आत चहा पितायत, त्यांना विचारा. खरा नकाशा सुरेख काढतात, सांगणारा पाहिजे. या आत. गाय तेवढी बाहेर ठेवून या."

तात्पर्य: सल्ला जाणत्याचा जरूर घ्यावा, पण खोट्याखाली आपली सही कुणाच्याही सांगण्यावरून करू नये. उसनी गाय आज आपला गोठा सजवते आणि उद्या त्याच गोठ्याची वाट दाखवते.