थाळी कुठवर गेली

"घसा कोरडा झाला सांगून, काच माझ्या पोरीनं फोडली नाही. पण कुणी विश्वास ठेवेल तर शपथ!" कॉलेजच्या थाळीफेकीच्या कोच गोदावरीबाई करवादल्या. आतून मात्र त्या हादरल्या होत्या, कारण नोकरी कंत्राटावरची होती.

संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब काच फुटलेल्या आपल्या गाडीशी उभे होते. "थाळी गाडीखाली सापडली. सरावाला तुमची ही शिष्या रेणुकाच होती. उद्यापासून दोघीही येऊ नका."

रेणुका रडायला लागली. बाईंनी घाम पुसून मैदानाकडे पाहिलं. मध्यावर निवडीचं लाल निशाण होतं आणि गाडी त्याच्या कितीतरी पुढे, पार कुंपणाला लागून होती.

"तात्यासाहेब, हिची थाळी त्या निशाणापर्यंतही जात नाही म्हणून सकाळी तुम्हीच हिला संघातून काढलंत. आता म्हणताय, गाडीपर्यंत गेली. तसं लिहून द्या, काच मी भरते. पोरगी सरळ राज्याच्या संघात जाईल."

तात्यासाहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं. लिहावं तर सकाळचं खोटं ठरणार, न लिहावं तर आत्ताचं.

"मग थाळी इथं आणली कुणी?" ते पुटपुटले.

सगळ्यांच्या माना गाडीमागे वळल्या. रेणुकाच्या जागी संघात घेतलेली तात्यासाहेबांची पुतणी तिथं, थाळी निसटू नये म्हणून हाताला लावलेली खडूपूड ओढणीला पुसत उभी होती.

नाइलाजानं काकांनीच नाव घेतलं, "शर्वाणी."