गडग्यापलीकडे बघणारा गणपती

कातळशेतात चतुर्थीला आलेला पाहुणा पहिल्याच घरात बुचकळ्यात पडतो. हात जोडून तो गणपतीसमोर उभा राहतो आणि गणपती त्याच्याकडे बघतच नाही. देवाची नजर तिरकी, थेट शेजारच्या घराकडे. पाहुण्याला वाटतं, घरात केलेली मूर्ती, चुकला असेल कोणाचा तरी हात. दुसऱ्या घरात जातो, तिथेही तेच. तिसऱ्या घरापर्यंत त्याचा धीर सुटतो आणि तो विचारतो. मग गावचे जुने घाडी, म्हणजे गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे, त्याला पडवीत बसवतात, आधी करंजी खायला लावतात आणि म्हणतात, धाकू परबाचं नाव ऐकलं नसेल तर कातळशेत बघितलंच नाही म्हणायचं.

धाकू परब फार जुन्या काळातला. सगळ्या वाडीत त्याच्यासारखा नांगर धरणारा नव्हता आणि त्याच्यासारखा हट्टीही नव्हता, असे सांगतात. त्या काळी गावातले लोक आपापला पाट खाडीपलीकडच्या गणपतीच्या शाळेत नेऊन द्यायचे आणि चतुर्थीच्या आधी त्याच पाटावर बसलेला गणपती डोक्यावरून घरी आणायचे. एका वर्षी धाकूला सोंड पसंत पडली नाही. पुढच्या वर्षी पाट द्यायला गेला तेव्हा त्याने मूर्तिकाराला सोंड कशी असावी ते समजावून सांगितलं. मूर्तिकार म्हणे शांतपणे म्हणाला, एवढं कळतं तर घरीच करा.

झालं. धाकू पाट बगलेत मारून परतला तो सरळ देवळात गेला आणि जमलेल्या गावासमोर बोलला, "दुसऱ्याच्या हातचो गणपती माझ्या घरात येवचो नाय."

देवळात घातलेली शपथ मागे घेता येत नाही. धाकूने आपल्याच मळ्यातली चिकणमाती आणली, चाळली, मळली आणि श्रावणभर पडवीत बसून मूर्ती केली. गडी कामाला वाघ होता. पाय जमले, सोंड जमली, कानही बऱ्यापैकी जमले. पोट तर असं गोल आणि भरघोस उतरलं की ते पोट पाहायला वाडीतली माणसं मुद्दाम येऊन गेली. काव आणि हळद लावून मूर्ती रंगवली, आणि मग हरतालिकेच्या दिवशी धाकू डोळे काढायला बसला.

तिथे घोडं अडलं. धाकूची नजर लांबची. डोंगरावरचं जनावर कोणाचं ते तो घरबसल्या सांगे, पण नाकासमोरची काजळाची रेघ त्याला दिसेना. पहिल्यांदा बुबुळांआधीच डोळे घुबडाचे झाले. पुसले. मग एक डोळा कपाळावर गेला. पुन्हा पुसले. पुसण्याबरोबर थोडी माती निघत होती आणि देवाचा चेहरा उतरत चालला होता. धाकूचाही.

त्याची बायको भागी सकाळपासून हरतालिकेच्या कडक उपासात होती. बिनडोळ्यांच्या मूर्तीची पूजा होत नाही आणि त्या घरातला गणपती पिढ्यान्‌पिढ्या कधी चुकलेला नव्हता. दुपार कलली तशी ती उंबऱ्यावर येऊन बसली. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "देवान डोळे उघडल्याशिवाय माझ्या तोंडात पाणी जावचा नाय."

धाकू मनातून हादरला. भागी शब्दाची पक्की होती आणि धाकूचा तिच्यावर जीव होता, हे त्याने उभ्या जन्मात तिला सांगितलं नसलं तरी.

गावात डोळे काढणारा माणूस एकच, गडग्यापलीकडचा विश्राम. दशावताराच्या मेळ्यात राजांचे आणि राक्षसांचे चेहरे तोच रंगवायचा. पण धाकू आणि विश्राम एकमेकांशी बोलत नव्हते. कारण भोपळा. विश्रामच्या दारातला वेल दगडी गडगा ओलांडून धाकूच्या कौलांवर चढला होता आणि तिथे त्याला एक भलाथोरला भोपळा धरला होता. विश्राम तो काढायला आला तेव्हा भोपळा नव्हता. धाकूने कोल्ह्याचं नाव घेतलं. कौलांवर चढून भोपळा खाणारा कोल्हा विश्रामला पटला नाही. त्याने धाकूच्या बेड्यातून, म्हणजे अंगणाच्या दारातून, पुन्हा पाऊल टाकणार नाही अशी शपथ वाहिली. दोघांच्या बायका मात्र त्याच गडग्यावरून रोज विरजण आणि बातम्या देत-घेत होत्या.

सांज व्हायला आली तेव्हा धाकूने पाट उचलला आणि गणपती गडग्यावर नेऊन ठेवला. हाक मारली नाही. नुसता बाजूला उभा राहिला, दुसरीकडे तोंड करून. विश्राम आपल्या पडवीतून हे बघत होता. धाकू परबासारखा माणूस याहून जास्त वाकत नसतो, हे त्याला ठाऊक होतं. तो उठला आणि आपल्या बाजूने गडग्याला टेकला. धाकूची शपथही त्याला ठाऊक होती.

"कुंचलो तू धर," तो म्हणाला. "मी तुझो हात धरतंय. देवाक हात तुझोच."

आणि मग, असे सांगतात, जे दोघे एकमेकांचं तोंड बघत नव्हते ते एकमेकांचा हात धरून उभे राहिले. भुवया उतरल्या. पापण्या उतरल्या. बुबुळं तेवढी राहिली. तेवढ्यात विश्रामची नजर खाली गेली आणि तिथेच थांबली.

"पोट मात्र माझो भोपळो बघान केलंस," तो म्हणाला.

धाकूच्या ओठांवर कोल्हा पुन्हा आला होता, पण समोर देव होता, मागे तहानलेली भागी होती आणि मनगट विश्रामच्या मुठीत होतं. शेवटी त्याने सांगून टाकलं, "खाल्लंय मी तो. गोड होतो."

विश्रामला आधी राग आला आणि मग हसू फुटलं. त्याचं बघून धाकूलाही आवरेना. दोघांची पोटं हलली, हात हलला, आणि हसता हसता काढलेली काजळाची दोन्ही बुबुळं घसरून कडेला जाऊन बसली. बुबुळं बसली की देवाचे डोळे उघडले, आणि एकदा उघडलेले डोळे पुसायचे नसतात. ते तसेच राहिले, विश्रामच्या घराकडे बघत.

भागीचा उपास दुसऱ्या दिवशी देवाला नैवेद्य पोचल्यावरच सुटायचा होता. पूजा झाली. भटजींनी नैवेद्य दाखवला, पण देव मोदकांकडे बघेना, तो आपला गडग्यापलीकडे बघत राहिला. भटजी म्हणाले, देवाची नजर जिथे आहे तिथलं माणूस आल्याशिवाय नैवेद्य पोचायचा नाही. भागीने देवाच्या नजरेच्या रेषेत पाट मांडला आणि विश्रामला हाक घातली. बेड्यातून न येण्याची शपथ होती, म्हणून तो धोतर सावरत गडग्यावरून चढून आला. पानात भोपळ्याची भाजी होती. पहिला घास घेऊन तो म्हणाला, गोड आहे. मग भागी पाणी प्यायली.

धाकूचं पाहून हळूहळू सगळ्या गावाने तेच धरलं, आणि आजही कातळशेतातला गणपती बाहेरून येत नाही. मळ्यातल्या मातीचा घरीच होतो आणि विसर्जनानंतर विरघळून मळ्यालाच मिळतो. हरतालिकेला तो गडग्यावर बसतो आणि घरधन्याचा हात शेजारी धरतो. काही घरांनी आता सिमेंटची भिंत घातली आहे, पण पाटाएवढी जागा ठेंगणी ठेवून. शेजाऱ्यांची भांडणं म्हणाल तर भरपूर आहेत. ती चतुर्थीपुरती थांबतात आणि विसर्जन आटोपलं की जिथे राहिली होती तिथून पुढे चालू होतात. पण चतुर्थीला शेजारी गडगा चढून येतो, भोपळ्याच्या भाजीचा घास घेतो आणि गोड असो की अळणी, गोड आहे म्हणतो. तोवर घरची बाई पाण्याच्या तांब्याला हात लावत नाही.