प्रीमियम सीट

त्या दिवशी ऊन असं, की डांबराला चपला चिकटत होत्या. पंपाचे मालक विलासराव शेअर रिक्षावाल्या गोरोबाला म्हणाले, "साधं पेट्रोल संपलंय. महागाचं प्रीमियमच घे."

"फरक काय, मालक?"

"दिसत नाही रे. इंजिनाला आतून बरं वाटतं."

भाव आधीच रोज चढायचा, आता तर सगळी कमाई टाकीतच जायची. तरी बिचाऱ्यानं भरलं. तेवढ्यात एका लग्नाला निघालेल्या मालकांची गाडी बंद पडली, म्हणून ते त्याच्याच रिक्षात, आधीच बसलेल्या बाबूलालला खेटून, दाटीवाटीनं बसले. उतरताना गोरोबानं त्यांना दुप्पट भाडं मागितलं.

"बाक एकच, मग मलाच दुप्पट का?"

"तुमची सीट प्रीमियम, मालक. फरक दिसत नाही, पण आतून बरं वाटतं."

मालकांनी पैसे दिले, अन् संध्याकाळी पंपावर साधं पेट्रोल सापडलं.

मालक उतरून गेले तेव्हाच रिक्षात मागे उरलेला बाबूलाल, गोरोबाच्या घराशेजारचा, हळूच म्हणाला होता, "मला आतून काहीच बरं वाटलं नाही, गोरोबा. माझी सीट साधीच धर."