दुसरी चोच

त्या रानात ज्याला निर्धास्त राहायचं असेल, त्याने कोतवालाच्या झाडावर घरटं बांधायचं असा रिवाज होता. कोतवाल पक्षी अंगाने लहान, पण घारीच्याही पाठीत चोच हाणणारा. त्याच्या शेजारी बुलबुल, हळदे, होले सगळे बिनघोर अंडी घालत. आणि ज्याच्या जिवावर सुखाने झोपायचं, त्याला कोण विचारणार की बाबा रे, तू काल कुठे होतास?

विचारायची वेळ आली ती धनेश मेला तेव्हा.

धनेशांची रीत जगावेगळी. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, चिखलाने दार लिंपून घेते, आणि आतच तिची उडायची पिसं गळून पडतात. भिंतीला राहते एक फट. नर त्या फटीतून तिला नि पिलांना भरवतो. कुणीतरी कोतवालांचे कान भरले की या भिंतीआड चोरलेली अंडी आहेत. झालं! भर दुपारी त्यांची टोळी त्या ढोलीच्या सावरीच्या झाडावर तुटून पडली आणि धनेश खाली मरून पडला.

"आम्ही रीतसर हाक दिली होती," कोतवालांचा नाईक दरबारात म्हणाला. "तोच चोच उगारून अंगावर आला. आमचा नाइलाज झाला, महाराज. आता भिंत फोडून झडती घेऊ द्या."

मोरराजाने आरोप तोलायचं काम टिटवीकडे दिलं. चूक ठरली तर कोतवालाचं एक पीस उपटायचं, बेफिकिरी ठरली तर अख्खी शेपूट, आणि खून ठरला तर रानाबाहेर काढायचं. पण धनेशच अंगावर आला असं ठरलं तर काहीच नाही, उलट भिंत फुटणार. आत बिनपंखांची आई आणि उघडीबोडकी पिलं!

आता टिटवी म्हणजे कोण, तर पान हललं तरी रान डोक्यावर घेणारी. "झोपेत पाय वर करून आभाळ पेलते, आता न्यायही पेलेल!" कावळे फिदीफिदी हसले. टिटवी फणकारली, पण दुसऱ्या दिवशी उजाडताच सावरीखाली हजर झाली.

धनेशाची जखम मानेच्या मागे होती. टिटवीने ती दोनदा फिरून पाहिली. अंगावर येणाऱ्याला मागून जखम?

"ऐन वेळी वळला तो," नाईक म्हणाला.

असेलही, टिटवीने स्वतःला बजावलं. एवढ्यावर फार तर बेफिकिरी ठरेल. तिने मृताची चोच निरखली आणि जागच्या जागी उडालीच. "अगं बाई गं!" चोचीच्या टोकात एक उंबर होतं, न फुटलेलं. त्याच्या पलीकडच्या अंगावर दुसऱ्याच एका चोचीची खूण होती.

"किड्याने खाल्लं असेल," नाईक घाईघाईने म्हणाला. जरा जास्तच घाईने.

ऊन चढत होतं. पिकलेलं उंबर दुपारपर्यंत लिबलिबीत होणार, आणि मग कसली खूण नि कसलं काय! टिटवीने असा काही गलका केला की मोरराजा पिसारा सावरत धावत आला आणि मागोमाग अख्खा दरबार.

"वहिनी," टिटवीने फटीपाशी हाक दिली, "काल काय ऐकलंत?"

"ह्यांच्या पंखांचा आवाज," आतून आवाज आला. "हाक कसली ती नाही. ह्यांनी उंबर पुढे केलं, मी चोचीत धरलं, आणि ते माझ्या चोचीतून ओढल्यासारखं निसटलं. अक्का, पिलं कालपासून उपाशी आहेत हो."

टिटवीला ते उंबर तिथल्या तिथे पिलांना द्यावंसं वाटलं. पण पुरावा तेवढा एकच होता. फांदीवर काही तिला बसता येत नाही. धनेशाने धरलं होतं त्याच बाजूने तिने उंबर चोचीत धरलं आणि जिवाच्या आकांताने पंख फडफडवत फटीसमोर तरंगली. आतून चोच आली. खुणेवर टेकली. बसली की नेमकी! तसूभर इकडे नाही, तिकडे नाही. होले आनंदाने घुमायला लागले, आणि मधेच गप्प झाले.

कारण टिटवीचं तोंड फटीत होतं, काल धनेशाची पडली असेल तशीच मान उघडी पडली होती आणि तिच्या बरोबर मागच्या फांदीवर नाईक बसला होता.

आतल्या चोचीने उंबर अजून ओढलं नव्हतं. टिटवीने आपली पकड सोडली. "घ्या वहिनी, खा."

"आधी सगळ्यांनी पाहिलंय ना?"

"पाहिलंय!" बुलबुल ओरडले, हळदे ओरडले, कावळेसुद्धा ओरडले. तेव्हा कुठे उंबर आत गेलं आणि पिलांचा एकच कालवा उठला.

"खून," टिटवी धापा टाकत म्हणाली. "माझं तोलून झालं, महाराज. भिंतीला कुणी हात लावायचा नाही."

मोरराजाने कोतवालांकडे पाहिलं, घारींच्या आभाळाकडे पाहिलं. "भिंत राहू दे," तो म्हणाला. "पण आरोपाचं... कोतवाल गेले तर रान कोण राखणार? विचार करून सांगतो."

टिटवी संतापाने किंचाळली. पण तिच्याआधी एक बुलबुल उडाली होती. ती कोतवालाच्या झाडावर गेली आणि आपल्या रिकाम्या घरट्याची एक काडी उपसून घेऊन सावरीवर आली. मग दुसरी काडी. मग हळदे निघाले, होले निघाले. काड्या आणताना कुणी वाटेत उंबरही तोडलं, आणि ते आतल्या चोचीत दिलं.

मोरराजा अजून विचार करत होता. संध्याकाळी कोतवालाच्या झाडावर एकच घरटं उरलं होतं, कोतवालाचं.